ट्रेटच्या अंमलबजावणीतील टाइप: वेगळे कप्पे की एकच यादी?

जेनेरिक पॅरामीटरांच्या, म्हणजे नंतर ठरणाऱ्या टाइपांसाठी राखलेल्या नावांच्या, जागी बसणारे टाइप रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरने दोन पद्धतींनी सांभाळले आहेत. जुन्या रचनेत सेल्फ (ज्याच्यासाठी ट्रेट राबवला जातो तो टाइप), ट्रेट (टाइपने पुरवायच्या मेथडांचा करार) वा स्ट्रक्ट (अनेक मूल्ये एकत्र बांधणारा टाइप) यांचे पॅरामीटर आणि मेथडचे स्वतःचे पॅरामीटर असे तीन कप्पे होते. कोणता टाइप कुठून आला हे वाचताक्षणी कळे, परंतु सगळीकडे कप्पा आणि क्रमांक अशी जोडी वागवावी लागे. 2016 मध्ये आलेल्या रचनेत सर्व काही एकाच सलग यादीत असते: सेल्फ शून्याव्या स्थानी, त्यामागून ट्रेटचे पॅरामीटर आणि शेवटी मेथडचे. लाइफटाइमही (रेफरन्स किती काळ वैध आहे हे सांगणारे पॅरामीटर) त्याच यादीत मावतात आणि केवळ क्रमांकावरून टाइप हाती येतो.

खरी कसोटी इम्प्लमध्ये, म्हणजे एखाद्या टाइपसाठी ट्रेट राबवणाऱ्या कोडमध्ये, लागते. तेथे सेल्फ हा पॅरामीटर नसून ठरलेला टाइप असतो. त्यामुळे ट्रेटच्या मेथडवरून इम्प्लमधील मेथडकडे जाताना यादीचा आरंभीचा, म्हणजे ट्रेटचा, वाटा काढून तेथे इम्प्लचे पॅरामीटर बसवावे लागतात, आणि हे राहून गेले तर क्रमांक वैध दिसूनही टाइप भलताच निघू शकतो. कप्प्यांच्या नावांमुळे अशी गफलत लवकर नजरेस येई, हे मान्य करायला हवे. तरीही मी सलग यादीच निवडेन, कारण ही फेरमांडणी एकाच फंक्शनमध्ये कोंडता येते. कप्प्यांचा हिशेब मात्र कंपायलरभर पसरतो.