हायड्रोजन वर्णपट संच: तीन रेषांना पैकीच्या पैकी, चौथीला जेमतेम

हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रंगीत रेषांची तरंगलांबी काढण्याच्या या संचात मोजून तीन वस्तू आहेत. सुमारे पाच हजार व्होल्टचा पॉवर सप्लाय, मधोमध केशनळीसारखी बारीक झालेली हायड्रोजनची ट्यूब, आणि मिलिमीटरला ६०० रेषांचं ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेषांची पट्टी) बसवलेला, एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) लघुतम मापाचा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रंगांचे कोन मोजणारं यंत्र. सोबत माहितीपुस्तिका आहे, आणि संचातला सगळ्यात कच्चा भाग तीच.

आधी यंत्राविषयी. ग्रेटिंगच्या दोन रेषांमधलं अंतर १६६६.७ नॅनोमीटर. त्यावरून पहिल्या क्रमातले (मध्यापासून बाजूला दिसणाऱ्या पहिल्या वर्णपटातले) कोन असे यायला हवेत: लाल रेषा (६५६.३ नॅनोमीटर) २३ अंश ११ मिनिटं, निळसर हिरवी (४८६.१) १६ अंश ५७ मिनिटं, निळी-जांभळी (४३४.०) १५ अंश ६ मिनिटं, आणि गडद जांभळी (४१०.२) १४ अंश १५ मिनिटं. दुर्बीण डावीकडे आणि उजवीकडे नेऊन दोन्ही वाचनं घ्यावीत आणि फरकाचं अर्ध करावं. ग्रेटिंग किंचित तिरकं बसलं असेल तर त्याची चूक यात बरीचशी निघून जाते. एका मिनिटाची चूक लाल रेषेच्या तरंगलांबीत साधारण ०.४५ नॅनोमीटर फरक पाडते, म्हणजे हजारात एकापेक्षाही कमी. शिकण्यासाठीच्या उपकरणाकडून याहून जास्त मागू नये.

ट्यूबचा प्रकाश गुलाबीसर दिसतो. स्पेक्ट्रोमीटरची स्लिट (प्रकाश आत घेणारी फट) ट्यूबच्या अगदी जवळ आणि बारीक भागाला समांतर ठेवायची. तिथे प्रवाह दाटलेला असतो, त्यामुळे रेणू फुटून सुटे अणू जास्त मिळतात. फुगीर टोकांसमोर स्लिट धरली तर रेषा फिक्या पडतात. लाल आणि हिरव्याच्या मधल्या पट्ट्यात अंधूक बारीक रेषांची गर्दी दिसली तर ट्यूब खराब समजू नका. तो न फुटलेल्या हायड्रोजन रेणूंचा वर्णपट आहे. पुस्तिकेतल्या चित्रात मात्र काळ्याभोर पार्श्वभूमीवर चारच लखलखीत रेषा छापल्या आहेत.

चौथी रेषा हे या संचाचं खरं दुखणं. ती मुळातच मंद, त्यात ४१० नॅनोमीटरच्या आसपास डोळ्याची संवेदनशीलता फारच कमी. स्लिट रुंद केली की ती दिसते खरी, पण मग रेषा जाड होऊन क्रॉसवायर (दुर्बिणीतली फुलीची तार) मधोमध बसवणं अवघड जातं. खोली पूर्ण काळोखी करून दहा मिनिटं डोळे सरावू द्यावेत. तरी दिसली नाही, तर तीन रेषांवर भागवावं. शेवटी काढायच्या आलेखाला त्या पुरतात.

मात्र इथेच पुस्तिका घात करते. तिच्या तक्त्यात रेषांना मध्यापासून बाहेर ६, ५, ४, ३ असे, इलेक्ट्रॉन जिथून खाली उडी मारतो त्या वरच्या ऊर्जापातळीचे क्रमांक आधीच छापले आहेत. ग्रेटिंगमध्ये जांभळा सर्वांत कमी वळतो (प्रिझममध्ये नेमकं उलट), त्यामुळे क्रम बरोबर आहे, पण चारही रेषा दिसल्या तरच. चौथी दिसलीच नाही तर ४३४.० ची रेषा ६ च्या रकान्यात जाते आणि पुढचं सगळं एकेक घर सरकतं. मग तरंगलांबीचा व्यस्तांक आणि पातळीच्या वर्गाचा व्यस्तांक यांचा आलेख सरळ न येता वाकतो, आणि चढ जवळपास दुप्पट निघतो. क्रमांक नेहमी लालपासून लावावेत: लाल म्हणजे ३ वरून २ वर उडी, १.८९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तिसऱ्या पातळीच्या −१.५१ मधून दुसरीचे −३.४० वजा केले की तेच येतात. क्रमांक बरोबर असतील तर चढ मीटरमागे १.०९७ कोटीच्या, म्हणजे रिडबर्ग स्थिरांकाच्या, जवळ येतो. चिन्ह अर्थात ऋण.

आणखी एक फसगत: खोलीत फ्लुरोसंट दिवा सुरू राहिला तर पाऱ्याची ४३५.८ ची रेषा हायड्रोजनच्या ४३४.० पासून जेमतेम चार मिनिटांवर येऊन बसते. शंका आली तर ट्यूब बंद करून पाहा. तरीही रेषा जागेवर असेल तर ती पाऱ्याची.

सप्लाय दणकट आहे, पण ट्यूब सलग पेटती ठेवायची वस्तू नाही. तीस सेकंद चालू, तीस सेकंद बंद, ही शिस्त पाळावी. वापराने आतला वायू इलेक्ट्रोडांत आणि काचेत मुरत जातो, मग लाल रेषा मंदावते. जास्तीची एक ट्यूब सोबतच घ्यावी. बदलताना नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लगही काढा आणि काच गार होऊ द्या.

ड्युटेरियमची (जड हायड्रोजनची) ट्यूब वेगळी मिळते. या स्पेक्ट्रोमीटरसाठी ती घेऊ नका. तिची लाल रेषा हायड्रोजनच्या रेषेपासून ०.१८ नॅनोमीटरच सरकलेली असते आणि इथलं एक मिनिटच ०.४५ चं आहे.