मध की टोमॅटो केचप? चमच्यात मोजून पाहू

100 ग्रॅमचे आकडे शेजारी मांडले की मध लगेच हरतो. मधात सुमारे 304 कॅलरी आणि 82 ग्रॅम साखर, तर केचपमध्ये शंभरेक कॅलरी आणि 21 ग्रॅम साखर. पण एका बैठकीत 100 ग्रॅम मध कोण खातं? म्हणून मी हिशेब चमच्याचा धरते, 15 मिलिलिटरच्या मोठ्या चमच्याचा.

मध जड. सपाट चमचा 21 ग्रॅम भरतो. शिवाय चमच्याला चिकटलेला आपण बोटाने निपटून चाटतो, त्यामुळे वाया काही जात नाही. 64 कॅलरी आणि 17 ग्रॅम साखर पोटात जाते. तेवढंच केचप 17 ग्रॅम भरतं. त्यात कॅलरीही 17च, आणि साखर साडेतीन ग्रॅमच्या आसपास.

'पण मधातली साखर नैसर्गिक असते ना!' असते, आणि तरीही जागतिक आरोग्य संघटना ती वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात मांडते. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्याने अशी साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास 25च्या, असं तिचं म्हणणं. म्हणजे एका चमच्यातच 25 पैकी 17 संपले. मधात खनिजं असतात हे खोटं नाही, पण किती? चमच्याला 11 मिलिग्रॅम पोटॅशियम. मोठ्या माणसाला दिवसाला साडेतीन हजार मिलिग्रॅम लागतं. पोषणासाठी मध खाणं हा मला तरी स्वतःच्या मनाची समजूत घालण्याचा प्रकार वाटतो. चवीसाठी खा की खुशाल.

आता केचप. इथे साखर कमी दिसते म्हणून हुरळून जाऊ नका, खरी मेख मिठात आहे. चमच्याला साधारण 150 मिलिग्रॅम सोडियम. तळलेल्या बटाट्यांसोबत बाटली उलटी करून बुडावर थाप मारली की एकदम भदकन पडतं, ते एक चमचा कधीच नसतं. चार चमचे झाले तर 600 मिलिग्रॅम, आणि दिवसाची मर्यादा 2000. मधात सोडियम जवळजवळ नाहीच.

केचपच्या बाजूने बोलायचं तर लायकोपीन. टोमॅटोला लाल रंग देणारं हे द्रव्य शिजवल्यावर शरीरात जास्त चांगलं शोषलं जातं, सोबत थोडं तेल असेल तर आणखी. मधात ते नावालाही नाही. पण लायकोपीनच हवं असेल तर केचपवर कशाला थांबायचं? बिनमिठाच्या टोमॅटो पेस्टमध्ये ते केचपच्या दुपटीहून जास्त असतं, 100 ग्रॅमला 4 ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात आणि सोडियम 60 मिलिग्रॅमच्या आत राहतं. भाजीचे गुण हवे असतील तर मी पेस्टच घेईन.

रक्तदाब असलेल्याने केचपवर हात आखडता घ्यावा. त्याच्यासाठी चमचाभर मध बरा. मधुमेह असेल तर उलट: मध बाजूला, केचप मोजून, कारण साखर त्यातही आहेच. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटही चाटवू नका. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजू शकतात.