फेरेटसोबत 'हार्टवर्म निगेटिव्ह'चा कागद देतात, जरा जपून!

ह्यूस्टनकडे किंवा फ्लोरिडात राहणाऱ्या आणि मुलांच्या हट्टापायी फेरेट आणायला निघालेल्यांसाठी हे लिहितेय.

आम्ही जाहिरात बघून मोठा, माणसाळलेला फेरेट घेतला. पाणमांजराच्या कुळातला, दिसायला मुंगसासारखा, भारी लाघवी. विकणाऱ्या बाईंनी 'हार्टवर्म निगेटिव्ह', म्हणजे डासांमुळे होणारे हृदयातले जंत नसल्याचा, रिपोर्ट दिला आणि वेगळे ८० डॉलर घेऊन 'हर्बल' थेंबांची बाटली. हे घातले की डॉक्टरकडे जायलाच नको, आणि घरातल्या फेरेटला तसाही धोका नाही म्हणे. ह्यूस्टनचे डास दाराबाहेर थांबतात की काय!

हार्टवर्मची अळी डासाच्या चाव्यातून शिरते आणि साधारण सहा महिन्यांत हृदय-फुफ्फुसांच्या धमन्यांत तिचा पूर्ण वाढलेला जंत होतो. कुत्रा असे बरेच जंत अंगावर काढतो. फेरेटचं हृदय एवढंसं, एकदोन जंतही जीव घेतात.

आमचा खेळेनासा झाला, धापा टाकू लागला, पोट फुगलं. व्हेटबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि वजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. २२ पौंड! फेरेट जेमतेम दोन-चार पौंडांचा. कुणातरी कुत्र्याचा रिपोर्ट नाव बदलून आमच्या गळ्यात मारला होता. पण कागद अस्सल असता तरी फार उपयोग नव्हता, हे त्यांनी सांगितलं तेव्हा जास्त हादरलो. नेहमीची रक्ततपासणी मादी जंतांचं प्रथिन शोधते. फेरेटमध्ये मुळात जंत कमी, त्यात नुसते नर असले की निकाल निगेटिव्हच. आमचं निदान इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर झालं.

जंत मारायला कुत्र्यांना देतात ते मेलार्सोमीनचं इंजेक्शन फेरेटला धोक्याचं, म्हणून आमच्याकडे स्टेरॉइड, मॉक्सिडेक्टिन (जंतांवरचं औषध) आणि पिंजऱ्यात विश्रांती असं सावकाश चाललंय. पैसे रोख दिले होते, बाईंचा फोन बंद. ते सोडूनच दिलं.

अमेरिकेत हार्टवर्मचं खरं प्रतिबंधक औषध प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येत नाही. फेरेटसाठी एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाची मान्यता असलेलं औषध इमिडाक्लोप्रिड आणि मॉक्सिडेक्टिनचं, महिन्यातून एकदा मानेच्या कातडीवर लावायचं. हर्बल थेंबांना तशी मान्यता नाही. प्रिस्क्रिप्शन न विचारता कुणी औषध पुढे केलं, तर तिथूनच परत फिरा. रिपोर्टवर दवाखान्याचं नाव असेल, तर त्यांचा नंबर स्वतः शोधा आणि पैसे देण्याआधी, विकणाऱ्याच्या समोरच फोन लावा.