शेकआऊटच्या दणक्यात गाणारी पोरगी: नाईटविशचा ‘ओशनबॉर्न’

आमच्या कोल्हापूरजवळ शिरोलीला फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, ज्यानं काम केलंय त्याला शेकआऊट मशीन काय असतं ते सांगायला नको. साच्यातली वाळू झडून आतला ओतलेला भाग सुटा व्हावा म्हणून अख्खी जाळी अशी थडथडते की शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, आणि शिफ्ट सुटल्यावर गाडीवरनं घरी येताना पण ती थडथड हाडात राहिलेली असते. आता त्या थडथडीशेजारी एखादी पोरगी खुर्ची टाकून बसली आणि घसा अजिबात न ताणता, गाण्याच्या बैठकीत बसल्यासारखी गायला लागली तर कसं होईल? तसा हा अल्बम आहे. 1998 चा आहे, मी ऐकायला लई उशीर केला, पण गेला महिनाभर दुसरं काही लागतच नाही घरात.

बँड फिनलंडचा, नाईटविश. गाव किते, रशियाच्या सीमेजवळ, आपल्या कागलपेक्षा पण लहान. 1996 मध्ये तुओमास होलोपाइनेन नावाच्या पोराच्या डोक्यात आलं की शेकोटीभोवती बसून वाजवतात तसलं शांत, गिटार-बिटारचं काहीतरी करायचं, आणि गायला गावातलीच तार्या तुरुनेन घेतली, जी पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं, म्हणजे ऑपेरात, तिकडच्या संगीत नाटकात गातात तसलं, शिकत होती. झालं काय, तिचा आवाज एवढा दांडगा निघाला की शांत गिटार त्याच्यापुढं मच्छर वाटायला लागलं, मग आवाजाला शोभेल एवढा दणका पाहिजे म्हणून पोरं मेटलकडं, म्हणजे ड्रम-गिटारच्या दणक्याच्या रॉककडं, वळली. म्हणजे उलटा हिशोब बघा, दणक्यासाठी गायिका नाही शोधली, गायिकेसाठी दणका आणला. माझ्या मते अल्बम का चालतो त्याचं उत्तर इथंच आहे. ‘ओशनबॉर्न’ आला तेव्हा तार्या 21 वर्षांची होती आणि बाकीचे पण त्याच वयाच्या आसपास. आम्ही त्या वयात रंकाळ्यावर भेळ खात बसलेलो.

सीडीची भानगड आधी सांगून टाकतो. फोनवर ऐकायला मिळतं हे मला पण माहितीय, पण वडिलांचा जुना डेक दुरुस्त करून आणलेला, त्याला काहीतरी खायला पाहिजे होतं, म्हणून ऑनलाइन एकाकडनं वापरलेली सीडी घेतली साडेसहाशेला. ‘एकदम नव्यासारखी’ असं लिहिलेलं. आली ती डबीची बिजागरी तुटलेली आणि आतल्या पुस्तिकेवर चहाच्या कपाचा गोल. फोटो पाठवला तर रिप्लाय काय, ‘चकती चालतीय न्हवं?’ आता चालतीय हे खरंच होतं, त्यामुळं मला पुढं काय बोलताच आलं नाही.

पहिलं गाणं ‘स्टारगेझर्स’. सुरू होतं ते थेट पळत. खासबागेत कुस्ती रंगात आल्यावर हलगी कशी घाईला येते, तशी ड्रमची डबल किक, म्हणजे दोन्ही पायांनी बडवायचा मोठा ढोल, सुरू होते आणि तुओमासचा कीबोर्ड वरनं जुन्या युरोपियन दरबारातल्या वाद्यासारखा टिणटिणत धावतो. पॉवर मेटल म्हणतात ते हेच, सगळ्यांना गाडी चुकायच्या आत कुठंतरी पोचायचंय. आणि ह्या सगळ्या पळापळीवर तार्या येते आणि एकेक सूर धरून उभी राहते. खाली द्रुत चाललंय आणि वर ही विलंबितात! मेटलचे बाकीचे गायक ड्रमशी भांडत असतात, कोण जास्त ओरडतंय बघू म्हणून. ही भांडतच नाही. मला वाटायचं ऑपेरा आणि मेटल म्हणजे पुरणपोळीवर तांबडा रस्सा, पण इथं खरंच दोन्ही एका ताटात बसतंय, कारण दोघं आपापल्या वाटीत आहेत.

पाचवं गाणं ‘पॅशन अँड दि ऑपेरा’, ह्यासाठी तरी ऐकाच. शेवटी शेवटी शब्द संपतात आणि नुसत्या ‘आ’कारात ती वरच्या वरच्या सुरांवर टुणटुण उड्या मारत जाते, मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ ह्या ऑपेरात रात्रीची राणी गाते ना त्या वळणाचं. आता शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायले त्या गावात राहून आपण तानेचं कौतुक दुसऱ्याला का सांगावं, पण हे गाणं लागलं तेव्हा माझी आत्ती हॉलमध्ये मेथी निवडत बसलेली. आत्ती म्हणजे लग्नाआधी सात वर्षं पेटीवर गाणं शिकलेली, अजून पण टीव्हीवर कोण बेसूर झालं की चॅनल बदलते. तिचा मेथीचा हात थांबला. मला वाटलं आता म्हणणार की बंद कर ते. तर म्हणाली,

“थांब जरा. ही पोरगी श्वास कुठं घ्यालीय?”

मी म्हटलं काय माहिती. मग परत लाव म्हणाली. परत लावलं. डोळे बारीक करून ऐकलं आणि ओळीच्या मध्ये बरोबर बोट वर केलं, “हितं. चोरून घेतला बघ.” तिसऱ्या वेळेला मला पण ऐकू आला तो श्वास, डबल किकच्या खाली दबलेला, अर्ध्या सेकंदाचा. मी महिनाभर ऐकत होतो हेडफोन लावून आणि मला नाही सापडला, हिला मेथी निवडताना सापडला. पण तक्रार पण केलीच, “सूर पक्का हाय, पण हलवतीय किती! आमच्या मास्तरांनी पट्टी मारली असती बोटावर.” आता पाश्चात्त्य शास्त्रीय गाण्यात तो कंप मुद्दाम शिकवतात हे तिला सांगितलं, तर म्हणाली, “शिकवू देत की, मला न्हाई आवडला.” विषय संपला.

‘सॅक्रामेंट ऑफ विल्डरनेस’ हे गाणं फिनलंडमध्ये सिंगल म्हणून, म्हणजे एकटंच वेगळं काढलेलं, एक नंबरला गेलेलं, आणि का ते पहिल्या दहा सेकंदात कळतंय. ‘मूनडान्स’ला गाणंच नाही, नुसतं वाजवलंय. ‘स्वानहार्ट’ संथ आहे, चांगलं आहे, रात्री गॅलरीत बसून ऐकायचं. ‘वॉकिंग इन दि एअर’ ही त्यांची स्वतःची चाल नाही, ‘द स्नोमॅन’ नावाच्या कार्टून फिल्ममधलं हॉवर्ड ब्लेकचं गाणं घेतलंय, गोड आहे पण जरा रेंगाळतं, मी दर वेळी तिथं चहा टाकायला उठतो.

आता न आवडलेलं. दोन गाण्यांत टापिओ विल्स्का म्हणून एक पाहुणा घोगऱ्या आवाजात गुरगुरतो. ‘डेव्हिल अँड द डीप डार्क ओशन’मध्ये तर गणपतीतल्या सजीव देखाव्यात पडद्यामागनं राक्षसाचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो ना, डिट्टो तसं वाटतंय, आत्ता कोणतरी थर्मोकोलची गदा घेऊन येणार. ‘फेरो सेल्स टू ओरायन’मध्ये मात्र तोच माणूस शोभतो, तिथं तो आणि तार्या आळीपाळीनं येतात आणि गाणं पण साडेसहा मिनिटांचं असल्यानं दोघांना जागा आहे. गाण्यांचे शब्द म्हणाल तर लांडगे, हंस, समुद्र, तारे, सगळं एकाच पानावर कोंबलेलं. विशीतल्या पोराची वही वाटते, पण मी पण त्या वयात असलंच लिहायचो आणि माझ्याकडं तर तार्या पण नव्हती. शिवाय मिक्सिंगमध्ये कीबोर्ड एवढा पुढं आहे की एम्पू वूओरिनेनची गिटार कधी कधी मागच्या खोलीतनं वाजल्यासारखी येते.

पण एक सांगू का, त्या कीबोर्डला मी माफ केलंय. ह्या अल्बममध्ये खरी तंतुवाद्यं वाजवणारे चारच जण, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, बाकी जवळजवळ सगळा ऑर्केस्ट्रा म्हणजे तुओमासची दहा बोटं. पुढं 2004 च्या ‘वन्स’साठी हे लोक लंडनला जाऊन भलामोठा ऑर्केस्ट्रा घेऊन आले, तो अल्बम जगभर गाजला, भारी पण आहे, कोण नाही म्हणतंय, पण तिथं तार्याला गर्दीतनं वाट काढायला लागते. घरच्या लग्नात चार माणसांत केलेलं जेवण आणि मंगल कार्यालयातलं केटरिंग ह्यात जो फरक आहे तो. 2005 मध्ये तर बँडनं तिला काढलंच, त्यात कोणाचं चुकलं ह्यावर आमच्या चौघांच्यात अजून भांडणं होतात (कोल्हापुरात मेटल ऐकणारे आम्ही मोजून चार, काळ्या टीशर्टवरनं एकमेकांना ओळखलेले).

माझ्या सीडीवर शेवटी ‘स्लीपिंग सन’ पण आहे, जे 1998 च्या मूळ अल्बममध्ये नव्हतं, नंतरच्या आवृत्तीत घातलं. घेणार असाल तर हे गाणं असलेलीच घ्या. 11 ऑगस्ट 1999 ला युरोपात खग्रास सूर्यग्रहण होतं, जर्मनीत दिसणार होतं, त्या निमित्तानं केलेलं हे गाणं. आणि हे वाचल्यावर मी ताडकन उठलो कारण ते ग्रहण मला आठवतंय! तेच ग्रहण पुढं सरकत संध्याकाळी आपल्याकडं आलेलं, गुजरातेत खग्रास आणि आपल्याकडं खंडग्रास, आणि त्या दिवशी आषाढ अमावस्या, म्हणजे गटारी. दुसऱ्या दिवसापासनं श्रावण. आता विचार करा, कोल्हापूर, गटारी, घरात मटण आणलेलं, आणि आज्जीनं वेध लागले म्हणून चूल बंद ठेवलेली. आकाश ढगानं गच्च, ग्रहण काय कोणाला धड दिसलं नाही, पण आम्ही सगळी पोरं दारात उभी राहून सूर्याकडं नाही तर आज्जीकडं बघत होतो की कधी सुटतंय. पांढरा रस्सा खायला रात्रीचे साडेनऊ झाले.

तिकडं त्याच दिवसासाठी ही एवढी सुंदर, हळू, अंधारात बुडत जाणारी चाल, आणि इकडं आम्ही. आत्तीला सांगितलं तर ती पोट धरून हसली, मग म्हणाली लाव ते ग्रहणाचं गाणं. पूर्ण ऐकलं, मध्ये एकदा पण बोट वर केलं नाही. जाताना सीडी पिशवीत घालून घेऊन गेली, तिच्याकडं डेक नाही हे मला दोन दिवसांनी आठवलं.