पेटीच्या रियाजाला आयतबला प्रो: जरूर घ्या, पण फोन पालथा ठेवून वाजवा

पेटी शिकताना लय नेमकी कुठे पळते, हे मला तबला आणि तानपुरा वाजवणाऱ्या या अ‍ॅपमुळे कळलं. पांढरी एकमध्ये (पहिली पांढरी पट्टी षड्ज धरून) सारेग सरळ बोटांखाली येतं, तिथे हात धावतो. मध्यमावर अंगठा खालून आणायचा असतो, तिथे रेंगाळतो. तबल्याला माणूस असला की तो आपल्याला सांभाळून घेतो, थोडा पुढेमागे होतो, आणि चूक झाकली जाते. प्रसाद उपासनींचं हे अ‍ॅप तसूभरही हलत नाही. एकट्याने रियाज करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

सगळ्यात आधी तानपुरा लावते. माझी पेटी जुनी आहे, तिचा षड्ज किंचित चढा. पेटीचा सूर काही आपल्याला रोज बदलता येत नाही, पण अ‍ॅपचा तानपुरा बारीक बारीक सरकवून तिच्याशी जुळवता येतो. ही सोय नसती तर मी पैसे मोजलेच नसते.

मग तबला. तीनतालात लय 60, म्हणजे मिनिटाला 60 मात्रा ठेवली, की एक आवर्तन, म्हणजे तालाची 16 मात्रांची एक फेरी, 16 सेकंदांचं होतं. आमच्या बाईंचा दंडक असा, की आठवडाभर त्या आकड्याला हात लावायचा नाही. अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमाचे स्वरांचे तुकडे, आधी बरोबरीत (मात्रेला एक स्वर), मग दुगुन (दोन), मग चौगुन (चार), तबल्याचा ठेका तोच. वेग वाढवायचा मोह फार होतो, पण 60 च्या चौगुनीत ज्याचे सूर सारख्या वजनाचे पडतात, त्याला पुढे 80 जड जात नाही. आठवड्यानंतरही पाचानेच वाढवायचं.

रूपकासाठी तर हे अ‍ॅप मला अमूल्य वाटतं. सात मात्रा, तीन-दोन-दोन. आणि समेवरच, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरच, खाली, म्हणजे डग्ग्याशिवायचा बोल. ‘तीं तीं ना, धी ना, धी ना’. समेला डग्ग्याची घुमक नसल्यामुळे नवशिक्याला ती ऐकूच येत नाही, चौथ्या मात्रेचा ‘धी’च सम वाटतो. त्यावर ‘सारेग सारे गम, रेगम रेग मप’ हा अलंकार धरा. स्वरांचे तुकडे ठेक्याच्या विभागांवर चपखल बसतात आणि हळूहळू तो कोरडा ‘तीं’ कानाला सापडायला लागतो. यासाठी पडद्यावरच्या मात्रा बघू नका. मात्रा डोळ्यांनी मोजायची सवय लागली की कान आळशी होतो. म्हणून फोन पालथा.

एअरप्लेन मोडही लावा, नाहीतर ऐन आवर्तनात कुणाचा तरी फोन येतो. भाता जोरात चालला की फोनचा आवाज पेटीखाली दबतो, तेव्हा साधा का होईना, वेगळा स्पीकर जोडा.

भजन किंवा नाट्यपद बसवायचं असेल तर मात्र तबलजीच हवा. मुखडा येतोय हे ओळखून ठेका उचलणं, अंतऱ्याला जागा देणं, हे यंत्राकडून होणार नाही. आठवड्यातून एकदा कुणाबरोबर तरी बसा, बाकी दिवस याच्याबरोबर.