रेससाठी पद्मिनी: भोसरीच्या एका गॅरेजचा सात महिन्यांचा अनुभव

गॅरेजचं नाव लिहीत नाही. एक तर त्यांच्याकडे आधीच रांग आहे, आणि दुसरं म्हणजे माझी गाडी अजून आत आहे. भोसरी एमआयडीसी, दोन शेड, दारात चिंचेचं झाड. शोधणारा एवढ्यावर शोधेल.

आम्ही सहा जण मिळून जुन्या गाड्यांची स्वस्तातली रेस सुरू करायला निघालोय. सगळ्यांची गाडी एकच, प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट. इंजिन तेच, टायर तेच, वजन तेच. फरक काय तो चालवणाऱ्यात. सहांपैकी तिघे निवृत्त, एक दाताचे डॉक्टर, एक केटरिंगवाला आणि सहावे आमचे जावई. मी पिंपरीत टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, त्यामुळे तपासनीसाचं काम मला न विचारताच माझ्या गळ्यात पडलं.

"पद्मिनी म्हणजे स्पोर्ट्‌स कार?" ही म्हणाली. "मग आपली लूना बुलेट म्हणायची."

बोलणं चूक नाही. पण आपल्याकडे खिशाला परवडणारी स्पोर्ट्‌स कार झाली ती एक सॅन स्टॉर्म. दोन सीट, फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन. पुण्यात तशा सहा एकत्र आणून दाखवा, मी मिशी काढतो. डॉक्टरांचा जीव स्टँडर्ड हेराल्डवर. मद्रासला बनलेली ती दोन दरवाजांची गाडी दिसायला देखणीच, आणि ट्रायम्फची स्पिटफायर तिच्याच आखूड केलेल्या चासिसवर उभी राहिली, हे डॉक्टर प्रत्येक बैठकीत सांगतात. मात्र हेराल्डचा मागचा ॲक्सल असा, की वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक पोटाखाली दुमडायला बघतं. साठीच्या माणसांनी शिकायला ही गाडी नव्हे. शिवाय पार्ट कुठून आणणार? पद्मिनीचे अजून नाना पेठेत मिळतात, तिथे नाही मिळाले तर रविवारी जुन्या बाजारात. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, ताकद मागच्या चाकांना. ब्रेक चारही ड्रम, म्हणजे चार-पाच फेऱ्यांनंतर पेडल ढिलं पडणार. पण सगळ्यांचंच पडणार.

हे खूळ काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत १९६३ पासून फोक्सवॅगन बीटलच्या १२०० सीसी इंजिनावर फॉर्म्युला व्ही नावाची रेस चालते. इंग्लंडमध्ये केटरहॅम ही गाड्यांची कंपनी १९९५ पासून नवशिक्यांना एकसारख्या, सील केलेल्या इंजिनांच्या गाड्या देऊन रेस खेळवते. आपल्या चाकणच्या फोक्सवॅगननेही २०१० साली पोलो कप काढला होता. आणि फियाट तर मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर आमच्या जन्माआधीपासून धावल्या. आम्ही फक्त खर्च पुणेरी केला.

आता गॅरेज.

मालक पस्तिशीचा, हुशार, फोन उचलतो. शेवटची गोष्ट मी मुद्दाम लिहिली. पहिल्याच दिवशी त्याने सहाही गाड्यांची हेड काढली आणि मला बोलावलं. पद्मिनीचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५, त्याचे होतात १०८९ सीसी. पण आमच्या गाड्यांनी तीन-तीन मालक पाहिलेले. काही इंजिनं मूळ मापात, काही थोडी वाढवलेली, आणि केटरिंगवाल्याचं चक्क ०.६ मिलिमीटर ओव्हरसाइज. म्हणजे साधारण ११०८ सीसी. बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. गाडी 'ओढायला चांगली' एवढंच तो कौतुकाने सांगायचा. मालकाने सुचवलं, की सहाही ब्लॉक त्याच मापाला बोअर करू, पिस्टन एका ठिकाणाहून एकदम उचलू. मोठ्याला लहान करता येत नाही, लहानाला मोठं करता येतं. हे त्याला आपणहून सुचलं. मी बोअर गेज घेऊन गेलो, चोवीसही सिलिंडर तीन-तीन जागी मोजले. वाईट काढायला काही सापडलं नाही. या कामाला पैकीच्या पैकी.

रोल केजचं काय झालं ते जरा सविस्तर सांगतो.

गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवतो तो हा पिंजरा. एफआयए, म्हणजे मोटार रेसची जागतिक संघटना, तिचा नियम स्पष्ट आहे: पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेस, ज्याला आपण सीडीएस म्हणतो, मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाचा अडीच मिलिमीटर जाड, नाहीतर ५० व्यासाचा दोन जाड. कोटेशनमध्ये हे सगळं लिहिलेलं होतं. तीन गाड्यांचे पिंजरे झाले तेव्हा मी गेलो. वेल्डिंग बघण्यासारखं, एकावर एक रचलेल्या नाण्यांसारखं. वळणाला कुठे सुरकुती नाही. व्हर्निअर लावला: ४५.०. मी खूश. चहा आला.

चहा पिताना कापून उरलेला वीतभर तुकडा बाकड्याखाली दिसला. सवय वाईट, मी तो उचलला आणि तोंडातून टॉर्च मारला. आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ उभी रेघ. बोट घातलं तर नखाला लागली. पट्टी वळवून शिवलेला पाइप. ईआरडब्ल्यू. त्याच्या खुर्च्या करा, गेट करा, मांडवाचे खांब करा.

"हे काय आहे?"

"काका, साइज तीच आहे."

"साइज नाही विचारली."

तो गप्प. वेल्डरने गॉगल कपाळावर सरकवला आणि तो बाहेर चिंचेकडे बघत राहिला. मग मालक म्हणाला, सीडीएस तीन आठवडे येत नव्हता, तुम्हाला घाई होती, रेस काय, पन्नास-साठच्या स्पीडची. मी म्हटलं, अहो, माझा जावई बसणार आहे त्यात. हे वाक्य मी पुढे मागे घेणार होतो, ते येईलच.

न्याय करायचा तर एवढं सांगतो: त्याने वाद घातला नाही. तिन्ही पिंजरे माझ्यासमोर कापले, नव्या पाइपाचा दाखला व्हॉट्सॲपवर न पाठवता कागदावर आणून दिला, आणि नुकसानीचा निम्मा भार स्वतः उचलला. पाच आठवडे गेले. दुसऱ्या वेळी पिंजऱ्याच्या पायाखालच्या पट्ट्या टाकायला घेतल्या तेव्हा माझ्या आणि अजून एका गाडीची जमीन कुजलेली निघाली. पट्टी निदान तीन मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटीमीटर हवी, पण ती ज्या पत्र्यावर बसवायची तोच पापड झालेला. पत्रा बदलल्याशिवाय पुढे जाणार नाही, असं या वेळी तो म्हणाला, मी नाही. पण तुकडा उचलला नसता तर काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून इथे दोन तारे कापले.

वायरिंग, सीट, पट्टे, बाहेरून ओढायचा कट-ऑफ स्विच, सगळं नीटनेटकं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही आणि असूही नये.

वजनाची गंमत मात्र सांगतो. वजनकाट्यावर गाडी नेली तर तो दहा-दहा किलोंच्या टप्प्याने बोलतो. आम्हाला त्याच्या आतलं भांडण मिटवायचं होतं. मालकाने शेजारच्या भंगारवाल्याकडून चार प्लॅटफॉर्म काटे एका संध्याकाळीपुरते मागून आणले, पाण्याच्या नळीने लेव्हल धरली आणि प्रत्येक चाकाखाली एक ठेवला. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या गाडीत ३८ किलोंचा फरक. हलक्या गाड्यांत शेजारच्या सीटच्या जागी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळल्या. डॉक्टरांचं म्हणणं होतं, की चालकासकट वजन धरावं. केटरिंगवाला यावर काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. पण धरलं चालकासकटच.

आणि सील. वीज मीटरला असतं तसंच, बोल्टच्या डोक्यातून तार आणि शिशाची गोळी. हेडला, इंजिनाखालच्या ऑइल संपला, कार्ब्युरेटरला. सील मारायच्या आदल्या दिवशी मी सगळे जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी बोंडं, काढून घरी आणले. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचं माप, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० लिहिलं असेल तर १.२० मिलिमीटर. नंबर सहाही सारखे. माझ्याकडे जुन्या पिन गेजचा, म्हणजे भोक मोजायच्या बारीक सळयांचा, डबा आहे. डायनिंग टेबलावर बसून एकेक पिन घालून पाहिली. पाच जेट अचूक. सहाव्यात पुढची पिन गेली, त्याच्याही पुढची गेली. नंबर तोच, भोक मोठं. कडेला ताज्या पितळेची चमक.

सकाळी मी भोसरीला जाऊन मालकावर चढलोच असतो. पण जेटच्या पिशवीवर गाडीचा नंबर होता.

दुपारी जावई जेवायला होते. जावयाला कसं बोलणार? मी पिन आणि जेट ताटाशेजारी ठेवलं. ते बघून म्हणाले, "बाबा, यूट्यूबवर होतं. थोडंसंच केलं." हिने आमरसाची वाटी पुढे सरकवली आणि मला डोळ्यांनी गप्प केलं. नवा जेट नाना पेठेतून मी स्वखर्चाने आणला. तेव्हापासून नियमात एक कलम वाढलंय: जेट आणि कार्ब्युरेटर रेसच्या सकाळी चिठ्ठी टाकून वाटायचे.

खर्च: गाडी मला ७५ हजारांना पडली, गॅरेजचं बिल १ लाख ८५ हजार. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या बंद झाल्यापासून लोकांना या गाडीचा अचानक उमाळा आलाय, तेव्हा आता घ्याल तर जास्त पडेल. बिलात ओळन् ओळ वेगळी होती, हे आवडलं. दिलेली तारीख एकदाही पाळली नाही, हे नाही आवडलं.

अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, गाडीत मनाने बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. रेस खेळायची ती ट्रॅकवरच. ट्रेलरवर घालून कोइम्बतूरचा करी स्पीडवे, नाहीतर चेन्नईजवळचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, म्हणजे जायलाच हजारावर किलोमीटर. गॅरेजवाल्याला हे सांगितलं तर म्हणाला, ट्रेलरही आपण बनवू. मी विचारलं, पाइप कुठला?

हसला. पण मान खाली घालून.

तर जा तिथे, काम चांगलं आहे. गुरुवार सोडून जा, गुरुवारी वीज नसते. आणि टॉर्च घेऊन जा, दिवसासुद्धा.