मुरमांच्या खड्ड्यांवर लेसर, सबसिजन आणि सनस्क्रीनचा खर्च: वर्ष होत आलं, आता लिहिते

लेसरच्या पॅकेजमधल्या उरलेल्या सिटिंगचे पैसे परत द्यायला क्लिनिकने साफ नकार दिला, म्हणून लिहायला बसले. नाव घेत नाही. पावती, संमतीपत्र, फोटो जपून ठेवलेत, जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करणार आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी लागत नाही. परभणी-नांदेडकडचं कुणी एकरकमी पैसे भरायच्या बेतात असेल, तर जरा थांबा.

माझ्या गालांवर तिन्ही प्रकारचे खड्डे आहेत. अरुंद, खोल ते आइसपिक. पसरट, उभ्या कडांचे ते बॉक्सकार. उथळ, वरखाली दिसणारे ते रोलिंग. पॅकेज विकताना हे कुणी पाहिलंच नाही, सगळ्यांवर एकच सीओटू लेसर. रोलिंग तर घरीही कळतो, गाल ताणला की बराचसा सपाट होतो. त्याला आतून तंतूंनी खाली ओढून धरलेलं असतं. ती ओढ लेसरने सुटत नाही.

त्यात लेसर केला ऐन फाल्गुनात. माझं काम शेतावर फिरण्याचं. आपली सावळी कातडी भाजली की काळी पडते, आणि ते काळेपण जायला महिने लागतात. उन्हाळाभर खड्डे होतेच, वर काळे चट्टे.

मग छत्रपती संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयात, त्वचारोग विभागात दाखवलं. तिथे पहिल्यांदा कुणीतरी गाल ताणून पाहिला. रोलिंगला सबसिजन, म्हणजे भूल देऊन सुईने आतले तंतू सोडवायचे. चेहरा काही दिवस निळा-काळा राहतो. आइसपिकला तीव्र टीसीए आम्ल, काडीच्या टोकाने फक्त खड्ड्यात. हे घरी अजिबात करू नका. घरच्या डर्मारोलरवरही पैसे घालवू नका, त्याच्या सुया एवढ्या खोल जातच नाहीत. आणि नवे मुरूम येत असतील तर आधी ते थांबवा.

पावसाळाभर मी सगळ्यांना सांगत होते, लेसरच्या नादी लागू नका. आता सरसकट तसं सांगणार नाही. लेसरनंतर नवं कोलॅजन, म्हणजे कातडी आतून भरून आणणारं प्रथिन, तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात, आणि दिवाळीच्या सुमारास बॉक्सकारच्या कडा खरंच बोथट झालेल्या दिसल्या. सबसिजनचा फरक मात्र त्याहून मोठा. अगदी सपाट गाल होणार नाही, हे घाटीत आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

ज्याचा हिशेब कुणीच देत नाही ते सनस्क्रीन. चेहऱ्याला दोन बोटं भरून, म्हणजे साधारण 1 ग्रॅम. दिवसातून तीनदा लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब 16-17 दिवसांत संपते. वर्षाला 22 ट्यूबा. 500 रुपयांची धरली तरी 11 हजार! कमी लावून भागत नाही, पातळ थरातून ट्यूबवर लिहिलेलं एसपीएफ 50 चं, म्हणजे उन्हापासूनचं तेवढं, संरक्षण मिळतच नाही. हा खर्च उपचारातच धरायला हवा, आणि डॉक्टरांनी तो पहिल्याच दिवशी सांगायला हवा. न सांगणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो, कारण काळे चट्टे पडतात ते आपल्याच गालावर. मी आता मोठी ट्यूब घेते, ग्रॅममागे स्वस्त पडते. दुपारी बांधावर जाड सुती स्कार्फ आणि रुंद काठाची टोपी. पुढची सिटिंग संक्रांतीच्या आतच, आणि पैसे त्या सिटिंगपुरतेच भरणार.